ऑस्लर यांच्या चरित्रामागचा पत्रव्यवहार

सर विल्यम ऑस्लर यांचे दोन खंडांतले चरित्र ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने 1925 साली प्रसिद्ध केले. सुमारे चौदाशे पानांचा हा ग्रंथ लिहिणारे डॉ. हार्वी कुशिंग पेशाने लेखक नव्हते. मेंदूवरील शस्त्रक्रियेचा पाया ज्यांनी घातला त्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत येते. पुढच्याच वर्षी या ग्रंथाला चरित्रलेखनाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्याला ही दोन्ही नावे पाठ असतात. हृदयाच्या आतल्या आवरणाला जंतुसंसर्ग झाला की बोटांच्या टोकांवर उठणाऱ्या दुखऱ्या गाठी ऑस्लर यांच्या नावाने ओळखल्या जातात, तर शरीरात कॉर्टिसोल वाढल्याने होणारा विकार कुशिंग यांच्या नावाने. अशा एका डॉक्टराने दुसऱ्याचे चरित्र लिहिले, आणि ते जवळजवळ सगळे पत्रांतून उभे केले. ऑस्लर यांनी लिहिलेली, त्यांना आलेली, त्यांच्याविषयी इतरांनी एकमेकांना लिहिलेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर खास चरित्रासाठी मागवलेली, अशी ही सगळी पत्रे होती. ग्रंथाचे बळ या पत्रांत आहे, आणि त्याच्या उणिवाही तिथेच आहेत.

ऑस्लर यांचा जन्म 12 जुलै 1849 रोजी कॅनडातल्या बाँड हेड या खेड्यात एका पाद्र्याच्या घरी झाला. 1872 मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि दोनच वर्षांत तिथेच शिकवू लागले. 1884 मध्ये ते फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले, 1889 मध्ये बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आणि 1905 मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या ‘रीजियस प्रोफेसर’ या मानाच्या पदावर. 1892 साली त्यांचे वैद्यकावरचे पाठ्यपुस्तक निघाले आणि इंग्रजीतून शिकणाऱ्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. विद्यार्थ्याला व्याख्यानाच्या बाकावरून उठवून रोग्याच्या खाटेशी नेले, हेच आपले खरे काम असे ते स्वतः मानत. एका माणसाचे आयुष्य तीन देशांत आणि चार विद्यापीठांत विखुरलेले असले की त्याचे मित्र, विद्यार्थी आणि रोगीही तसेच विखुरतात. ऑस्लर यांनी ती नाती टपालावर टिकवली. लांबलचक पत्र लिहिण्याचा त्यांचा पिंड नव्हता. चार ओळींची चिठ्ठी किंवा पोस्टकार्ड हे त्यांचे आवडते साधन. कोणा तरुण डॉक्टराचा चांगला लेख वाचनात आला की शाबासकीचे कार्ड जायचे, कोणाला दुर्मीळ पुस्तक सापडले की चौकशीचे. जाता जाता टाकलेल्या या कार्डांना मिळणाऱ्यांच्या घरी मात्र मोठी किंमत असे. ती जपून ठेवली गेली म्हणूनच पुढे चरित्राला सामग्री मिळाली.

कुशिंग 1896 मध्ये हॉपकिन्सला आले ते हॉलस्टेड या नामांकित शल्यविशारदाच्या हाताखाली काम करण्यासाठी. पुढे ते इतर तरुण डॉक्टरांबरोबर वेस्ट फ्रँकलिन स्ट्रीटवर ऑस्लर यांच्या घराला लागून असलेल्या घरात भाड्याने राहू लागले. ऑस्लर दांपत्याने या शेजाऱ्यांना आपल्या घराच्या किल्ल्याच देऊन ठेवल्या होत्या. वाटेल तेव्हा यावे, ग्रंथालयात बसावे, जेवायला थांबावे, असा मामला होता. किल्लीवाल्यांची ही मंडळी पुढे चरित्रातही त्याच नावाने वावरते. जुनी वैद्यकीय पुस्तके जमवण्याचा नाद कुशिंग यांना इथेच लागला. नात्याने ते ऑस्लर यांचे विद्यार्थी नव्हते आणि त्यांचे शास्त्रही वेगळे होते, पण घरातला वावर मुलासारखा होता.

हे नाते किती जवळचे होते याची परीक्षा युद्धात झाली. ऑस्लर यांचा मुलगा रेव्हिअर ब्रिटिश तोफखान्यात होता. 29 ऑगस्ट 1917 रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर तोफगोळ्याने तो जबर जखमी झाला. त्याला डोझिंगहेमच्या फिरत्या रुग्णालयात आणले गेले, तेव्हा कुशिंग अमेरिकी वैद्यकीय पथकातून जवळच्याच दुसऱ्या रुग्णालयात काम करत होते. निरोप मिळताच ते पावसातून रुग्णवाहिकेने तिथे पोहोचले. रेव्हिअरच्या खाटेभोवती त्या रात्री अमेरिकेतले नावाजलेले शल्यविशारद जमले होते आणि त्यांतले बहुतेक त्याच्या वडिलांना ओळखणारे होते. रक्त दिले गेले, शस्त्रक्रिया झाली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. चिखलातल्या त्या दफनभूमीवरचा प्रसंग कुशिंग यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवला आहे. उरलेला एकुलता एक मुलगा कसा गेला हे ऑक्सफर्डच्या घरी कळले ते तिथे हजर असलेल्या या मित्राकडून. ऑस्लर यांच्या पत्नी लेडी ग्रेस ऑस्लर यांना पुढे चरित्रकार शोधण्याची वेळ आली, तेव्हा दुसऱ्या कोणाचा विचार होणे कठीणच होते.

ती वेळ लवकर आली. 1919 च्या शरद ऋतूत ऑस्लर आजारी पडले. फुप्फुसाच्या दुखण्याने ते दोन महिने अंथरुणाला खिळले आणि 29 डिसेंबर 1919 रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांचे निधन झाले. स्वतःच्या आजाराकडेही ते वैद्याच्या नजरेने पाहत होते आणि आपली शवचिकित्सा पाहायला आपण नसणार याचा त्यांनी थट्टेने खेद केला होता. त्यानंतर लवकरच ग्रेस ऑस्लर यांनी कुशिंग यांना चरित्र लिहिण्याची विनंती केली. कुशिंग तेव्हा बोस्टनमध्ये हार्वर्डला प्राध्यापक आणि पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात प्रमुख शल्यविशारद होते. तासन्‌तास चालणाऱ्या शस्त्रक्रिया, विद्यार्थी आणि स्वतःचे संशोधन हे सगळे सांभाळून त्यांनी हे काम अंगावर घेतले.

पहिली पायरी होती पत्रे गोळा करण्याची. लेडी ऑस्लर यांच्या विनंतीवरून कुशिंग चरित्र लिहीत आहेत, तेव्हा अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर ज्यांच्याकडे ऑस्लर यांची पत्रे असतील त्यांनी त्यांच्या नकला पाठवाव्यात, आठवणी लिहून कळवाव्यात, आणखी कोणाकडे काही मिळेल तर तेही सांगावे, असे आवाहन वैद्यकीय नियतकालिकांतून करण्यात आले. मग टपाल सुरू झाले. माँट्रियलचे जुने सहकारी, फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोरचे विद्यार्थी, आता स्वतः प्राध्यापक झालेले डॉक्टर, पुस्तकविक्रेते, ग्रंथपाल, बरे झालेले रोगी आणि गेलेल्या रोग्यांचे नातलग यांच्याकडून पत्रे येऊ लागली. प्रत्येकाला उत्तर द्यायचे, शंका विचारायची, नावांची खातरजमा करायची. अशा रीतीने ऑस्लर यांच्या पत्रांभोवती चरित्राच्या निमित्ताने झालेल्या पत्रव्यवहाराचे दुसरेच कडे तयार झाले. त्यात लेडी ऑस्लर स्वतः होत्या. घरातली कागदपत्रे त्यांच्या ताब्यात होती आणि प्रसंगांचे आतले धागे त्यांनाच माहीत होते.

आलेल्या पत्रांच्या टंकलिखित नकला करून घेतल्या गेल्या आणि त्या तारखेनुसार लावल्या गेल्या. यात कष्ट किती असतात ते असे काम केलेल्यालाच कळेल. घाईत लिहिलेल्या कार्डावर वार असतो, साल नसते. मग टपालाचा शिक्का, त्यात आलेले एखाद्या सभेचे नाव किंवा नुकत्याच निघालेल्या पुस्तकाचा उल्लेख यांवरून ते कुठे बसवायचे हे ठरवावे लागते. ग्रंथाची रचनाही या लावणीतूनच झाली. प्रकरणे वर्षांच्या क्रमाने जातात आणि चरित्रकार मध्ये मध्ये चार वाक्ये जोडून पुढच्या पत्राला वाट करून देतो. वाचकाला ऑस्लर यांच्याबद्दल सांगण्यापेक्षा ऑस्लर यांनाच बोलू द्यावे, हे कुशिंग यांचे धोरण होते. शल्यविशारदाच्या शिस्तीला ते साजेसेच म्हणायचे. समोर जे आहे ते स्वच्छ उघडे करून दाखवायचे आणि आपली मते शक्यतो बाजूला ठेवायची.

या पद्धतीने जे हाती लागले ते इतर कुठल्याही मार्गाने मिळाले नसते. 1884 मधल्या नाणेफेकीची गोष्ट घ्या. ऑस्लर तेव्हा जर्मनीत लाइपझिगला होते आणि फिलाडेल्फियाच्या प्राध्यापकपदासाठी उभे राहाल का, असे विचारणारे पत्र त्यांना आले. माँट्रियल सोडायचे की नाही हे ठरेना, तेव्हा त्यांनी चार मार्कांचे चांदीचे नाणे उडवले आणि कौल फिलाडेल्फियाच्या बाजूने पडला. होकाराची तार करायला ते तारघरात गेले आणि खिसे चाचपू लागले, तर पैसे म्हणून जवळ होते ते एकच नाणे, आणि तेच टेबलावर राहून गेलेले. हा माँट्रियललाच राहण्याचा दैवी संकेत तर नव्हे, असे त्यांना क्षणभर वाटले. पण एकदा नाण्यावर सोडले ते सोडले, असे म्हणून ते हॉटेलवर परतले, नाणे घेतले आणि तार केली. अमेरिकी वैद्यकशिक्षणाचे पुढचे वळण त्या नाण्यावर ठरले असे कोणी म्हटले तर ती अतिशयोक्तीच होईल, पण गोष्ट खुद्द ऑस्लर यांनीच सांगितलेली आहे.

त्याच नेमणुकीचा दुसरा प्रसंग जेवणाच्या टेबलावरचा आहे. उमेदवाराला पारखण्याचे काम फिलाडेल्फियाचे वजनदार डॉक्टर वीअर मिचेल यांच्याकडे आले होते आणि ते पत्नीसह लंडनला असताना ऑस्लर यांना भेटले. माणूस चारचौघांत वागायला कसा आहे हे पाहण्यासाठी त्याला चेरी घातलेला ‘पाय’ हा भाजलेला गोड पदार्थ वाढण्यात आला. फळांतल्या बिया तो कशा बाजूला काढतो ही परीक्षा होती. ऑस्लर यांनी त्या सभ्यपणे चमच्यात काढल्या आणि ते उत्तीर्ण झाले. विद्यापीठाच्या दप्तरात अशा गोष्टींची नोंद कधीच सापडत नाही.

ऑक्सफर्डच्या पदाबाबत घरातल्या तारेचा पुरावा आहे. 1904 च्या उन्हाळ्यात ऑस्लर इंग्लंडमध्ये होते आणि पद स्वीकारावे की नाही याबद्दल त्यांची चालढकल सुरू होती. ग्रेस ऑस्लर अमेरिकेत होत्या. तिथून त्यांनी तार ठोकली की वेळ न दवडता होकार देऊन टाका. बाल्टिमोरमधल्या कामाच्या ओझ्याखाली नवरा पिचून जाईल ही भीती त्यांना वाटत होती. निर्णय कोणाचा हे त्या तारेवरून उघड होते.

पत्रांतून संस्थांचाही इतिहास उलगडतो. जॉन रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स हे डॉक्टर नव्हते. 1897 च्या उन्हाळ्यात त्यांनी ऑस्लर यांचे जाडजूड पाठ्यपुस्तक हाती घेतले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. रोगांची वर्णने उत्तम, पण खात्रीचे उपाय फारच थोडे, हे त्यांच्या ध्यानात आले. ऑस्लर यांनी आपल्या शास्त्राचे अज्ञान लपवले नव्हते म्हणूनच ते दिसले. वैद्यकीय संशोधनासाठी कायमची संस्था हवी, हे गेट्स यांनी रॉकफेलर यांच्या मनावर बिंबवले आणि 1901 मध्ये न्यूयॉर्कला रॉकफेलर इन्स्टिट्यूट निघाली. हे सारे गेट्स यांनी पुढे ऑस्लर यांना पत्राने कळवले. 1904 च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरमध्ये मोठी आग लागली. ज्या इमारतींच्या भाड्यावर हॉपकिन्स रुग्णालय चालत होते त्यांतल्या कितीतरी जळाल्या. तेव्हा याच ओळखीचा उपयोग झाला आणि रॉकफेलर यांनी रुग्णालयाला पाच लाख डॉलर दिले.

पण वाचकाच्या मनात घर करून राहतात ती दोन पत्रे. पहिले ऑस्लर यांचे स्वतःचे. त्यांचा पहिला मुलगा पॉल 1893 मध्ये जन्मल्यावर आठवडाभरातच दगावला. काही महिन्यांनी ऑस्लर यांनी त्या बाळाच्या नावाने ग्रेस यांना पत्र लिहिले. पत्त्याच्या जागी स्वर्ग होते. इथली मुले नीट वागली, गाणी नीट म्हणू लागली आणि पृथ्वीवरच्या आईबापांनी प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवली, तर त्यांना कधीमधी घरी पत्र लिहायची परवानगी मिळते, असे त्यात बाळ आईला सांगते. चेष्टेखोर म्हणून ओळखला जाणारा हा डॉक्टर दुःखाशी कसा वागत होता, हे या एका कागदावरून जितके समजते तितके दहा स्नेह्यांच्या आठवणींतून समजले नसते.

दुसरे पत्र एका आईचे आहे. 1918 मध्ये तिची लहान मुलगी असाध्य आजाराने अंथरुणावर होती आणि ऑस्लर तिला रोज पाहायला येत. खोलीचे दार हलकेच उघडायचे, वाकून परीराज्यातल्या बुटक्यासारखे आत यायचे आणि मग मुलीशी तिच्याच जगातल्या गोष्टी बोलत बसायचे, असा त्यांचा क्रम होता. शेवटच्या दिवसांत एकदा त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागदात जपून गुंडाळलेले लाल गुलाबाचे फूल काढून तिला दिले आणि फुलाच्याच गोष्टीतून मरणाची कल्पना तिला सोपी करून दिली. हे आईने मुलगी गेल्यावर लिहून काढले. रेव्हिअर जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते, हे लक्षात ठेवून ते पान वाचले पाहिजे. आवाहन करून पत्रे मागवण्याच्या पद्धतीचे सार्थक या एका पानाने होते.

चरित्रकाराची पंचाईत करणारी पत्रेही होती. ऑस्लर यांना खोड्या काढण्याचा जुना नाद. त्यांनी एजर्टन यॉरिक डेव्हिस नावाचा एक काल्पनिक माणूस निर्माण केला होता. अमेरिकी सैन्यातला निवृत्त शल्यविशारद, राहणार क्वेबेकमधल्या काह्नवागा या आदिवासी वस्तीजवळ, असा त्याचा बनाव होता. 1884 च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात या डेव्हिसच्या सहीचे पत्र छापून आले. त्यात संभोगाच्या वेळी अडकून पडलेल्या एका जोडप्याची अचाट हकीकत अगदी शास्त्रीय भाषेत सांगितली होती. ऑस्लर स्वतः त्या साप्ताहिकाच्या संपादकांपैकी होते. एका सहकाऱ्याच्या गंभीर लेखाची टर उडवण्यासाठी त्यांनी हे रचले होते. गंमत म्हणजे थाप कोणाच्या लक्षात आली नाही आणि पुढची कित्येक दशके वैद्यकीय ग्रंथांत ही ‘केस’ खरी म्हणून उद्धृत होत राहिली. छापलेले पत्र म्हणजे पुरावा, असे धरून चालणाऱ्यांनी ही हकीकत विसरू नये. डेव्हिसच्या नावाने ऑस्लर यांनी आयुष्यभर आणखीही मौजा केल्या. त्यामुळे त्यांच्या कागदपत्रांत खरे कुठे संपते आणि थट्टा कुठे सुरू होते हे दरवेळी तपासावे लागते.

थट्टा अंगाशी आल्याचाही एक मोठा प्रसंग आहे आणि त्यात पत्रांचा पाऊसच पडला. 22 फेब्रुवारी 1905 रोजी बाल्टिमोरचा निरोप घेताना ऑस्लर यांनी भाषण केले. जगातले बहुतेक भरीव काम माणूस चाळिशीच्या आत करतो आणि साठीनंतर प्राध्यापकांनी निवृत्त व्हावे, असा त्यांचा मुद्दा होता. बोलता बोलता त्यांनी अँथनी ट्रॉलप यांच्या ‘द फिक्स्ड पिरियड’ या कादंबरीतल्या योजनेचा गमतीने उल्लेख केला. त्यात म्हाताऱ्यांना ठराविक वयात आश्रमात ठेवून पुढे शांतपणे निरोप देण्याची कल्पना आहे. साठीला क्लोरोफॉर्म द्या असे ऑस्लर म्हणतात, अशा मथळ्यांनी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे भरली. संतापाची पत्रे ढिगाने आली आणि त्यांच्या नावाचे क्रियापदही बनले. ते स्वतः तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. इतक्या प्रेमळ माणसाला इतके शिव्याशाप का खावे लागले हे समजायला मूळ भाषण आणि त्यावरची पत्रे शेजारी ठेवून वाचावी लागतात.

आता उणिवांकडे वळायला हवे. कुशिंग यांनी या ग्रंथातून स्वतःला जवळजवळ पुसून टाकले. ज्या घराची किल्ली त्यांच्या खिशात होती त्या घराचे वर्णन करताना ते स्वतः कुठेतरी मागे, नाव न घेता, उभे राहतात. हा विनय खरा असेल, पण त्याने वाचकाचे नुकसान झाले. जवळून पाहिलेल्या साक्षीदाराने आपण काय पाहिले आणि आपले कुठे पटले नाही हे सांगायला हवे होते. दुसरे असे की हे चरित्र पत्नीच्या विनंतीवरून, तिच्या हयातीत आणि कित्येक सहकारी जिवंत असताना लिहिले गेले. शिवाय पत्रे पाठवली ती प्रेम करणाऱ्यांनी. ज्यांचे बिनसले होते त्यांनी बहुधा टपाल हाफिसाची पायरी चढण्याची तसदी घेतली नसावी. गौरवाचा सूर सुटत नाही तो त्यामुळे. तपशिलांची गर्दी एवढी आहे की काही टीकाकारांना त्यात माणूसच हरवल्यासारखा वाटला. एडिथ रीड या बाल्टिमोरच्या स्नेही बाईंनी 1931 मध्ये ऑस्लर यांचे छोटेखानी चरित्र लिहिले. हातात धरून सलग वाचता येईल असे पुस्तक लोकांना हवेच होते.

काही कागद तर चरित्रापासून मुद्दामच दूर राहिले. हॉपकिन्स रुग्णालयाच्या सुरुवातीच्या काळाचा एक खाजगी वृत्तांत ऑस्लर यांनी लिहून ठेवला होता. तो बंदोबस्तात ठेवला गेला आणि 1969 मध्ये प्रथमच छापला गेला. हॉलस्टेड हे कोकेनच्या व्यसनातून सुटल्याचे सगळे समजत असताना पुढेही मॉर्फीन घेत होते, हे त्यातून बाहेर आले. कुशिंग हे हॉलस्टेड यांचेच शिष्य. 1922 मध्ये हॉलस्टेड वारले आणि तीन वर्षांनी चरित्र निघाले, पण या गुपिताचा त्यात मागमूस नाही. डॉक्टर म्हणून ऑस्लर यांनी सहकाऱ्याचे रहस्य पन्नास वर्षे कुलपात ठेवले. यात चूक काढता येणार नाही, पण संस्थेचा इतिहास तेवढा काळ अर्धाच राहिला.

भारतीय वाचकाला टोचेल असा एक कोपराही आहे. 1914 मध्ये आशियाई स्थलांतरितांविषयी बोलताना ऑस्लर यांनी कॅनडा हा गोऱ्यांचाच देश राहिला पाहिजे असे मत मांडले. ‘कोमागाटा मारू’ या जहाजातून आलेल्या 376 प्रवाशांना, ज्यांत बहुतेक पंजाबी शीख होते, व्हँकुव्हरच्या बंदरात अडवून धरले गेले ते हेच वर्ष. कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात 2020 मध्ये आलेल्या एका लेखाने ही उक्ती आणि मूळ रहिवाशांची टवाळी करणारे डेव्हिसच्या नावाचे लेखन पुढे आणून ऑस्लर यांच्या संतप्रतिमेवर प्रश्न उभे केले. त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. मुलीला गुलाब नेऊन देणारा माणूस आणि हे बोलणारा माणूस एकच होता. चरित्रात दोन्ही यायला हवे होते.

ग्रंथ छापून झाल्यावर कुशिंग यांनी जमवलेली सामग्री मोडीत निघाली नाही. ऑस्लर यांनी आपला सुमारे आठ हजार पुस्तकांचा संग्रह मॅकगिल विद्यापीठाला दिला होता. त्याची ‘बिब्लिओथिका ऑस्लेरियाना’ ही सूची 1929 मध्ये छापली गेली आणि त्याच वर्षी माँट्रियलला ऑस्लर ग्रंथालय उघडले. ऑस्लर दांपत्याच्या अस्थीही तिथेच आहेत. लेडी ऑस्लर 1928 मध्ये वारल्या, म्हणजे चरित्र त्यांना पाहायला मिळाले, ग्रंथालय नाही. चरित्रासाठी केलेल्या पत्रांच्या नकला, टिपणे आणि पत्रव्यवहार आता याच ग्रंथालयात आहे आणि अभ्यासकांसाठी ऑस्लर यांच्या पत्रांची सूचीही तयार झाली आहे. मूळ कागद काळाच्या ओघात हरवला तरी त्याची नकल उरली आहे, ही कुशिंग यांच्या चिकाटीची कमाई.

त्या सामग्रीच्या आधारे टोरांटोचे इतिहासकार मायकेल ब्लिस यांनी 1999 मध्ये ऑस्लर यांचे नवे चरित्र लिहिले. कोणाची भीड बाळगण्याचे त्यांना कारण नव्हते. कुशिंग यांनी वगळलेले, सौम्य केलेले किंवा त्यांना मिळालेच नव्हते असे बरेच काही त्यात आले. ऑस्लर यांचा थोरपणा मात्र त्या तपासणीनंतरही बव्हंशी शाबूत राहिला, हे ब्लिस यांनी स्वतःच नमूद केले. पुढे 2005 मध्ये त्यांनी कुशिंग यांचेही चरित्र लिहिले. कुशिंग 7 ऑक्टोबर 1939 रोजी वारले होते आणि त्यांची पुस्तके येल विद्यापीठाकडे गेली होती. जॉन फुल्टन या त्यांच्या शिष्यवत मित्राने 1946 मध्ये त्यांचे पहिले मोठे चरित्र लिहिले तेही पत्रे आणि रोजनिशा समोर ठेवूनच.

ऑस्लर कोण होते आणि त्यांचे खरे मोल काय, हे एकाच पुस्तकातून समजून घ्यायचे असेल तर ब्लिस यांचे पुस्तक घ्यावे. कुशिंग यांचे दोन खंड सलग वाचण्यासाठी नाहीत. ते हाताशी ठेवावेत आणि अधूनमधून कोणतेही पान उघडून त्यावरचे एखादे पत्र वाचावे.